डाव्या हाताचे मोजे आणि सोयगावचं मशीन

हे लिहायला मला एका फोटोने भाग पाडलं.

आमच्या नातेवाइकांचा मोबाइलवर एक गट आहे. वाढदिवस, बारशी आणि गुडघेदुखीवरचे उपाय, एवढाच त्याचा पसारा. मागे तिथे पुण्याच्या एका जावयाने फोटो टाकला. तो कामानिमित्त वाळूजला गेला होता आणि गाडीच्या काचेतून त्याला माझी भाची वैशाली दिसली. पत्र्याच्या शेडसमोर बसलेली, कोपरापर्यंत काळे हात, पुढ्यात तेलकट हातमोज्यांचा ढीग. खाली त्याने लिहिलं होतं, 'बघवत नाही. आपल्या घरातली मुलगी. काहीतरी करायला हवं.' मग हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. एकीने 'तिनेच निवडलं होतं ना सगळं' असं लिहिलं आणि लगेच पुसलं. मी वाचलं होतं.

फोन कोणीच केला नाही. मी केला. वैशाली म्हणाली, "मावशी, तो खाली उतरला असता तर चहा पाजला असता की. ते राहू दे. सोमवारी मला सोयगावला जायचंय, माझं शिलाई मशीन आणायला. एकटी गेले तर बसवून ठेवतील. तू येतेस?"

सोयगाव तिचं सासर. वैशाली माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहीण आता नाही. कॉलेजात असताना वैशालीने वर्गातल्याच मुलाशी लग्न जमवलं. घर शेतीवाडीचं, बऱ्यापैकी जमीन असलेलं. काही वर्षांनी नवऱ्याने जळगावात दुसरा संसार मांडला. सासरचे म्हणाले, येईल परत, तू इथं राहा. तिने वाट पाहिली. मग एके दिवशी कपड्यांची पिशवी घेऊन ती निघाली आणि वाळूजला भाड्याच्या खोलीत राहू लागली. आईने लग्नात दिलेलं मशीन मात्र तिकडेच राहिलं.

तर मी गेले, पाहिलं आणि आता लिहिते आहे. ज्यांना या भागात फिरायला जायचं आहे त्यांना रस्त्याची आणि जेवणाची माहिती मिळेल. ज्यांना 'काहीतरी करायला हवं' असं वाटतं त्यांनी शेवटपर्यंत वाचावं.

शनिवार : नाशिक ते वाळूज

नाशिकहून एसटीने येवला, वैजापूर करत गेलं की चार-पाच तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खासगी गाडीचा विचार करू नका. खिडकी डावीकडची घ्या. दुपारचं ऊन चुकतं. वैजापूरच्या स्थानकावर चहा बरा मिळतो, वडा टाळा.

मी या शहरात शिकले तेव्हा पाटीवर औरंगाबाद होतं. आता कंडक्टर 'संभाजीनगर, संभाजीनगर' ओरडतो. स्थानकाबाहेरून वाळूजकडे शहर बस जाते, रिक्षापेक्षा ती सोयीची. पण वेळ बघून निघा. शिफ्ट सुटण्याच्या सुमाराला कंपन्यांच्या बसगाड्या आणि मोटारसायकली रस्ता असा अडवतात की पायी जाणारा आधी पोचतो.

वैशालीची खोली रांजणगावात आहे, कामगारांच्या चाळींच्या मागे. खोलीला लागून पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये तिचा आणि शेजारच्या शाहीनभाभीचा धंदा चालतो. भाभीचा नवरा कंत्राटी कामगार होता. कंत्राट संपलं, तो आता शहरात मिळेल तिथे हमाली करतो. कारखान्यातले हातमोजे तेलाने भिजले, एखादं बोट फाटलं की फेकून देतात आणि ते भंगारात वजनावर जातात, हे भाभीला ठाऊक होतं. त्यातले निम्मे मोजे अजून कामाचे असतात, हे वैशालीने ओळखलं. दोघी मिळून भंगारवाल्याकडून पोती आणतात, धुतात, रफू करतात आणि लहान वर्कशॉपना विकतात. त्यांना नवे मोजे परवडत नाहीत आणि मोज्यांशिवाय काम करता येत नाही.

फोटोत हे काही दिसत नाही. फोटोत काळे हात दिसतात.

मी पोचले तेव्हा दोघी लाकडाच्या भुशात मोजे घोळत होत्या. तेल आधी भुसा पितो, मग सोड्याच्या गरम पाण्यात मोजे पडतात. पाणी टँकरचं, त्यामुळे खळबळलेलं शेवटचं पाणी फेकत नाहीत. पुढच्या खेपेचं ते पहिलं पाणी होतं. तेल प्यालेला भुसा वीटभट्टीवाला जाळायला घेऊन जातो. मी पदर खोचला तर भाभी ओरडली, "नक्को मावशी, तुमे बैठो! हाथां काले हुए तो फिर कोई फोटू निकालेगा."

"काढू दे," मी म्हटलं आणि बसले.

दोन प्रकारचे मोजे असतात. एक सुताचे विणलेले, ते कुठल्याही हातात चालतात. दुसरे चामड्याच्या तळव्याचे, त्यांना डावा-उजवा असतो. काम उजव्या हाताने होतं, त्यामुळे उजवा आधी फाटतो. परिणामी शेडच्या कोपऱ्यात डाव्या मोज्यांचा डोंगर.

चहा पिताना भाभीने पहिल्या खेपेची गोष्ट सांगितली. वैशाली मध्ये मध्ये "भाभी, पुरे" म्हणत होती, पण भाभी थांबणारी नव्हे.

"पहली खेप हिने अशी धुतली मावशी, जैसे मोजों को शादी में जाना है. सोडा मारा, साबण मारा, फिर नीळ. नीळ के ऊपर खळ! मेरे को बोली, भाभी, घरचं धुणं असंच असतं. मैं बोली, हौ, होगा बाबा, तुम लोगां के घर में. सुकवले तर असे उभे राहिले लाइनीत, जैसे सलाम कर रहे."

"मग?"

"मग काय," वैशाली म्हणाली. "वर्कशॉपच्या मालकाने एक उचलला, टेबलावर आपटला. टक् आवाज आला. म्हणाला, ताई, हे हातमोजे आहेत का पापड?"

आमच्या घरात पांढऱ्या कपड्याला नीळ आणि सुती कपड्याला खळ हा धर्म होता. माझी बहीण रुमालालासुद्धा खळ घालायची. ते शिक्षण मुलीने प्रामाणिकपणे पाळलं आणि पोतंभर मोजे पुन्हा भिजवून मऊ करायला तिला आख्खा टँकर लागला. त्यानंतर तिने आमच्या घरचं धुणं विसरायचं ठरवलं. मला विचाराल तर वेळेवर विसरली.

रविवार : मालकाची मूठ

सकाळी आम्ही त्याच वर्कशॉपमध्ये गेलो. नाव लिहीत नाही. पत्र्याचे भाग कापायचं काम, दहा-बारा माणसं, रविवारीही एक प्रेस चालू होता. मालक चाळिशीचा, फटकळ. वैशालीने रफू केलेले मोजे पुढे ठेवले. त्याने त्यातला एक माझ्याकडे सरकवला.

"घाला मावशी. आता मूठ करा."

मी मूठ केली. तर्जनीच्या पेराला काहीतरी टोचलं.

"टोचलं ना? गाठ आहे ती. हाताच्या टाक्याला गाठ येणारच. माझा माणूस हे घालून आठ तास प्रेसवर उभा राहतो. गाठ टोचली की तो मोजा काढून ठेवतो. मोजा काढला की एक दिवस बोट जातं. ताईंचं धुणं एक नंबर आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मला मशीनची टीप पाहिजे."

"मशीन येतंय," वैशाली म्हणाली.

"तीन महिने येतंयच ते. बघा, शेजारच्या दोन वर्कशॉपचा मालही मी तुमच्याकडे वळवतो. पण या आठवड्यात. एक जण स्वस्तातले नवीन मोजे घेऊन माझ्या दारात बसलाय. टाकाऊ निघतील ते, मला माहीत आहे, पण त्यांना गाठ नाही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, शहरात जुनी मशीन मिळतात, चल, मी घेऊन देते. मला वाटलं ती भिडेखातर तरी विचार करेल.

"नको मावशी. मशीन आहे माझ्याकडे. ते फक्त चुकीच्या घरात आहे. नवीन घेतलं तर त्याचा अर्थ ते मी सोडून दिलं असा होतो. मी नवरा सोडलाय. मशीन नाही सोडलेलं."

पुढे मी आग्रह केला नाही. दुपारी आम्ही शहरात गुलमंडीवर गेलो, इमरती खाल्ली, शाहीनभाभीच्या घरासाठी बांधून घेतली. पर्यटक मकबऱ्याला जातात. आम्ही शहागंजच्या बाजारात जाड दोरा, चामड्याच्या सुया आणि जुन्या साड्यांच्या पट्ट्या घेतल्या. दुकानदाराने विचारलं, "मशीन कौनसी है?" वैशालीने नाव, नमुना, सुईचा आकार सगळं सांगितलं. न आलेल्या मशीनच्या सुया तिने विकत घेतल्या. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मी याला पक्का बेत म्हणते.

सोमवार : फर्दापूर

अजिंठ्याला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सोमवारी लेणी बंद असतात. आम्ही मुद्दाम सोमवार धरला, कारण त्या दिवशी फर्दापूरच्या हॉटेलवाल्यांना बोलायला वेळ असतो. शहरातून फुलंब्री, सिल्लोड, मग अजिंठ्याचा घाट. तीन तास धरा. सिल्लोडला भजी गरम मिळाली तर खा. घाटात खिडकीशी बसा. दिवाळीनंतर डोंगर अजून अर्धे हिरवे असतात आणि खाली कापूस फुटलेला दिसतो.

आमच्याबरोबर दोन पोती होती. कंडक्टरने पायाने एक ढकलून पाहिलं.

"लगेज लागंल. काय हाय यात?"

"हातमोजे," वैशाली म्हणाली.

"सगळे?"

"यात सगळे. डाव्या हाताचे. त्यात सुताचे."

त्याने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "तुमचं तिकीटबी अर्धं अन् मालबी अर्धाच. महामंडळानं जगायचं कसं ताई?"

मागच्या बाकावरची माणसं हसली. लगेज त्याने घेतलंच, ते घ्यायलाच हवं होतं.

फर्दापूरला काशिनाथभाऊंचा ढाबा आहे. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा, दोघींचं पोट भरून तीनशेच्या आत. डावे मोजे जातात ते इथे. तंदूरवाला, तव्यावरचा, कढईवरचा, सगळे भांडं धरतात डाव्या हाताने. चामड्याचा तळवा असल्यामुळे फडक्यासारखा चटका बसत नाही. हा शोध वैशालीला कोणी सांगितला नाही. ती इथे जेवायला थांबली असताना आचारी फडकं फेकून बोटं चोखत होता, ते तिने पाहिलं.

"काय ताई, उजवे कवा आणता?" काशिनाथभाऊ पोतं सोडत म्हणाले.

"उजव्या हातात तुमच्या उलथणं असतं. मोजा घालून काय करता?"

"मालक दिसंन ना मी जरा!" ते हसले. मग विचारलं, "आज दुसरं पोतं कुठं निघालं?"

"सोयगाव, वेचणीच्या बायकांसाठी. आणि मशीन आणायला चाललोय."

"देतील?"

"माझंच आहे."

"माझंच हाय म्हणून आजवर कुणी कुणाला काय दिलंय ताई?" त्यांनी भाकरीवर आणखी एक भाकरी टाकली. "खाऊन घ्या पोटभर. भांडायचं तर उपाशी नाय भांडायचं."

हा सल्ला मी सर्व प्रवाशांना देते.

सोयगाव

फर्दापूरहून सोयगावला वडापच्या जीप जातात. जीप भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर एसटीची वेळ विचारून ठेवा. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. गावात ट्रॅक्टरवर कापूस, ओसरीत कापूस, रस्त्याच्या बाभळींना अडकलेला कापूस.

घर सिमेंटचं, पुढे मोठं अंगण. सासूबाई कौसाबाई कापसाच्या ढिगापाशी काटा लावून बसल्या होत्या. वेचणीचं सगळं त्याच पाहतात. मला वाटलं होतं दारातच आवाज चढेल. तसं झालं नाही.

"आलीस माय. कामून असं उन्हाचं? पाणी घे आधी." माझ्याकडे वळून, "बसा बाई. लांबून आलात."

पाणी झालं, चहा झाला. धाकटा दीर सुधाकर येऊन खांबाला टेकून उभा राहिला. वैशालीने कप खाली ठेवला.

"आत्याबाई, मशीन न्यायला आलेय."

सासू काट्यावरचा कापूस सारखा करत राहिली. दीर बोलला.

"मशीन कुठं पळून चाललंय का वहिनी? तुमचंच हाय. तुम्ही या की घरला. खोली तशीच ठेवलीय. दादाचं डोकं आज ना उद्या ठिकाणावर येईल."

"तुमच्या दादाची वाट बघून झाली भाऊजी."

"अन् तिकडं लोकायचे मोजे धुता म्हणं. हितं चार माणसं विचारायलेत आम्हाला. खायला कमी होतं का या घरात?"

"खायला होतं. कमवायला नव्हतं."

तो माझ्याकडे वळला. "मावशी, तुम्ही शिकलेल्या. तुम्ही तरी समजावून सांगा."

"मी समजवायला आलेली नाही," मी म्हटलं. "मशीन जड असतं. दुसरं टोक धरायला आलेय."

तेव्हा मला समजलं की मशीन कोणी वापरत नव्हतं, कोणाला हवंही नव्हतं. ते दाव्याचा खुंटा होतं. मशीन इथे आहे तोवर वैशाली गेलेली नाही, नुसती बाहेर आहे, असं चार लोकांना सांगता येत होतं.

एवढ्यात वेचणीच्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन अंगणात आल्या. अंगात लुगड्यावर पुरुषांचे जुने शर्ट, बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. पुढची शांताबाई. गाठोडं टाकता टाकताच तिने वैशालीला पाहिलं.

"अगं वैशाली! तुझा पंजा उसवला माय!"

तिने कमरेतून एक चिंधी काढली. दसऱ्याच्या सुमारास फर्दापूरच्या बाजारात दोघींची गाठ पडली होती, तेव्हा वैशालीने तिला एक जोडी दिली होती. सुताचा मोजा, चारही बोटं बुडापासून कापलेली, काठाला हाताने पट्टी शिवलेली. वेचताना बोटं मोकळी राहतात आणि पंजा झाकलेला. सुकलेल्या बोंडाची टोकं हाताला कशी ओरखडतात हे वैशालीला ठाऊक आहे. या घरात असताना दर हंगामात ती वेचायला जात होती.

"दोन दिस झ्याक चालला," शांताबाई म्हणाली. "मंग ही अशी लक्तरं सुटली. पर त्या दोन दिसात हातावर एक वरखडा नाय. हे बघ, अन् हे आत्ताचं बघ."

तिने दोन्ही हात पुढे केले. मागच्या बायकाही पुढे सरकल्या. आपापले हात बघत म्हणू लागल्या, मलाबी दे, आमच्या पोरीलाबी दे.

"हाताची टीप टिकत नाही," वैशाली म्हणाली. "विणलेलं कापलं की उसवतं. मशीनची टीप टिकेल. मोजे या पोत्यात आहेत, मशीन आत आहे."

मग शांताबाई काट्यापाशी बसलेल्या कौसाबाईंकडे वळली.

"मंग दे की काकू. आत कापसाखाली बसून काय अंडे घालायलंय का ते?"

बायका खदखदून हसल्या. सुधाकरचं तोंड उतरलं. कौसाबाई मात्र हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या विचार करत होत्या. ही बाई पोरापेक्षा पुष्कळ हुशार आहे, हे मला त्यांच्या पुढच्या वाक्यावरून कळलं.

"मंग हितंच बसून शिव. मशीन हितं, कापूस हितं, बायका हितं. पुढची खोली देते तुला. भाडं नाय, पाणी हाय विहिरीला. गावोगावच्या बायका येतील. कामून त्या पत्र्यात जाऊन मरायलीस?"

खोटं कशाला बोलू, प्रस्ताव चांगला होता. विहिरीचं पाणी ऐकून माझ्या डोळ्यासमोर टँकर आला. सुधाकर लगेच म्हणाला, "आईनं सोन्यासारखी गोष्ट केली." सगळ्या वैशालीकडे बघायला लागल्या. तिने उसवलेला पंजा हातात घेतला होता आणि त्याचा सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळत होती. मला भीती वाटली. पाणी ही काही लहान गोष्ट नाही, आणि ती थकलेली होती.

"आत्याबाई," ती म्हणाली, "पंजे शुक्रवारी येतील. त्यांचा भाव मी शांताबाईशी ठरवीन, तुमच्याशी नाही. मशीन आज जाईल, माझ्याबरोबर. या दोन गोष्टी एकात मिसळू नका. पंज्यांसाठी म्हणून तुम्ही मशीन दिलंत तर मी माझीच वस्तू विकत घेतल्यासारखं होईल. आणि इथे बसून शिवलं तर ते मशीन पुन्हा तुमच्या घरचं होईल, मीही होईन. ते नको."

"अन् नाय दिलं तर?" सुधाकरने विचारलं.

"तर पंजे हाताने शिवेन. उसवले की परत शिवेन. पलीकडच्या मळ्यात देईन."

"मंग आम्हीबी पलीकडं," शांताबाई म्हणाली. ती हसत होती. पण वेचणीच्या दिवसांत बायका मिळत नाहीत, रोज सकाळी त्यांना दारात जाऊन आणावं लागतं. अंगणातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं.

कौसाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत गेल्या. पोती ओढल्याचा आवाज आला. आम्ही मागे गेलो. मशीन मागच्या खोलीत होतं, वर गोधडी, गोधडीवर कापसाची पोती. त्यांनी गोधडी दूर केली आणि चाक हाताने फिरवलं. चाक गुपचूप फिरलं, कुरकुर नाही.

"याला तेल कोण घालायलंय?" सुधाकर म्हणाला. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"मी. दुसऱ्याच्या लेकीची वस्तू. गंज चढला असता तर काय तोंड दाखवलं असतं? बघत काय उभा राहिला, धर तिकडून."

त्याने धरलं. मी दुसरं टोक धरायला आले होते, पण माझी वेळ आलीच नाही.

अंगणात आणल्यावर कौसाबाईंनी थांबवलं. "लोखंड घराबाहेर तसंच नाय जात." खंडेनवमीला घरातल्या अवजारांना लावतात तसं त्यांनी मशीनला हळदकुंकू लावलं, पायट्यावर पाणी शिंपडलं. वैशालीच्या कपाळाला त्यांनी हात लावला नाही. वैशालीनेही वाकून नमस्कार केला नाही. मला दोन्ही योग्य वाटलं.

मग सुधाकरने शेवटचा प्रयत्न केला. "लिहून पायजे. की मर्जीनं घर सोडलं, पुन्हा कशावरबी हक्क सांगणार नाय."

"कागद आणा," मी म्हटलं.

मी नोकरीभर सरकारी कागद लिहिले आहेत. कागदात काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही हे मला जास्त कळतं. घर सोडल्याचं त्यात अक्षर घातलं नाही. हक्काचं तर नाहीच. सुधाकरने वाचून मान हलवली, म्हणाला हे अर्धवट आहे. कौसाबाईंनी कागद त्याच्या हातातून घेतला, मला मोठ्याने वाचायला लावला आणि म्हणाल्या, "जे दिलं ते लिहिलंय. जे दिलं नाय ते कशाला लिहायचं?" आणि सही केली.

केळी घेऊन शहराकडे निघालेल्या पिकअपमध्ये जागा मिळाली. मी पुढे बसले. वैशाली मागे, केळीच्या घडांमध्ये, मशीनवर एक हात ठेवून. घाट चढताना ड्रायव्हरने आरशात पाहून विचारलं, "त्या ताई हसायल्यात का रडायल्यात?" मी वळून पाहिलं नाही. म्हटलं, "तुम्ही समोर बघा."

नाशिक, परत घरी

मी बुधवारी परतले. त्याआधी पहिली खेप वर्कशॉपमध्ये गेली होती. मालकाने मोजा घातला, मूठ केली, पुन्हा केली. "ठीक," एवढंच म्हणाला आणि शेजारच्या वर्कशॉपला फोन लावला. शाहीनभाभी बाहेर उभी होती, तिने तिथूनच आकाशाकडे हात केले.

प्रवासातून काय उरलं ते सांगते. माझ्या नखांत काळं तेल अजून आहे, सोड्यानेही जात नाही. वैशालीच्या शेडमध्ये पाण्याची अडचण तशीच आहे. उन्हाळ्यात टँकर महाग होईल तेव्हा ती काय करणार, मला माहीत नाही, तिलाही नाही. विहिरीची खोली नाकारली म्हणून तिला कधी पश्चात्ताप होईल का? होईलही. ती तिची ती बघेल. तिला वाचवायला हवं असं मला तिथे एकदाही वाटलं नाही. गटात मात्र वाटतं, कारण गटात काळे हात दिसतात आणि ते कशाने काळे झाले ते विचारत कोणी नाही.

तेव्हा जावईबापू, काहीतरी करायचंच असेल तर तुमच्या कंपनीत फेकलेले हातमोजे पोत्यात भरून वाळूजला पाठवा. डावे-उजवे सगळे चालतात. आणि पुन्हा तिकडून गेलात तर गाडी थांबवा, काच खाली करा, उतरा. हात जोडलेली चिन्हं मात्र पाठवू नका.

ज्यांना त्या दिवशी सोयगावात नक्की काय घडलं असा प्रश्न आहे, त्यांच्यासाठी कागदाची नक्कल देते आहे.

*सोयगाव, सोमवार, सायंकाळ.*

*वैशाली यांच्या मालकीच्या खालील वस्तू त्यांच्या ताब्यात दिल्या :*

*शिलाई मशीन, टेबल व पायट्यासह, एक. चालू स्थितीत.*
*बॉबिनची डबी, एक.*
*तेलाची कुपी, एक. भरलेली.*
*गोधडी, एक. मशीनवर घातलेली. देणाऱ्यांनी परत मागितली नाही.*

*मोबदला : काही नाही.*

*देणार : कौसाबाई (सही)*
*घेणार : वैशाली (सही)*
*साक्षीदार : शांताबाई (अंगठा)*
*उचलून गाडीत ठेवणार : सुधाकर (सही करण्यास नकार)*